हा फोटो नव्हे, पुरावा

डोळे असलेली बहुतेक माणसं आंधळीच असतात, असं ज्यांचं ठाम मत आहे आणि ते समोरच्याच्या तोंडावर सांगताना ज्यांना जराही संकोच वाटत नाही, असे गृहस्थ अख्ख्या बडोद्यात एकच होते, आणि ते नेमके माझ्या मेहुणीचे सासरे निघाले. आता मेहुणीचे सासरे हे नातं तसं लांबचं. लग्नात एकदा पाया पडावं, दिवाळीला फोन करावा आणि मधल्या काळात तब्येतीची चौकशी बायकांच्या मार्फत करावी, इतपतच त्याची मजल. पण माझ्या कपाळी ते जवळ आलं. निवृत्तीनंतर लोक रविवारी सकाळी उशिरा उठतात, छापं, म्हणजे पेपर, चाळतात, फाफडा-जलेबी आणायला जातात. मी मात्र समा भागातल्या आमच्या घराहून जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीपर्यंत स्कूटर हाकत, गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांचा जिना चढू लागलो.

यात चूक कुणाची म्हणाल, तर कॅमेऱ्याची. नोकरीत होतो तोवर माझी फोटोग्राफी निरुपद्रवी होती. ऑफिसची पिकनिक, सोसायटीतला गणपती, कुणाचं बारसं, एवढ्यापुरताच माझा मोबाइल खिशातून निघे आणि चार लोकांची डोकी छाटून परत खिशात जाई. पण निवृत्त झालो त्या संध्याकाळी मुलांनी मला एक मोठा कॅमेरा भेट दिला. सोबत एक पिशवी होती. तिला बाहेरून, आतून, पोटाखालून कप्पेच कप्पे. "इतके कप्पे माझ्या मिसळणाच्या डब्यालाही नाहीत," बायको म्हणाली. त्यांतल्या एका कप्प्यात मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक ठेवलं, ते अजून सापडायचं आहे. पहिल्याच आठवड्यात मी राजवाड्याचा फोटो काढला. मधोमध, सरळ, डावीकडे जेवढं आकाश तेवढंच उजवीकडे. पट्टी लावून काढावा तसा. मेहुणीकडे जेवायला गेलो तेव्हा तो सगळ्यांना दाखवत दाखवत शेवटी तिच्या सासऱ्यांपुढे धरला. ते ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर, घडियाळी पोळात काही लोकांना फोटोग्राफी शिकवतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला, लांब नेला आणि परत दिला.

"छान," ते म्हणाले. "राजवाडा जागेवर आहे याचा पुरावा मिळाला. कुणी संशय घेतला होता का?"

जेवणाच्या टेबलावर सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलं नाही तर लागलं असं दिसतं. पण लागलं होतं. घरी जाताना स्कूटरवर बायको म्हणाली, "एवढं काय मनावर घेता? म्हातारा माणूस आहे." मी म्हटलं, "मी कुठे मनावर घेतलंय?" आणि पुढच्या रविवारी त्यांच्या क्लासला जाऊन बसलो.

क्लास म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खाली हसमुखभाईंचं दोरे-बटणं-लेसचं दुकान, त्याच्या कडेने चढणारा जिना. जिना इतका उभा की चढताना समोरच्या पायरीला नमस्कार घडतो. वर एक चटई, एक लाकडी खुर्ची, एक खिडकी. काकू गेल्यापासून काका तिथे एकटेच राहत. (मी त्यांना काका म्हणायचो. ते मला, मी त्यांच्या मुलाचा साडू म्हणून, साडूराव म्हणायचे, आणि त्या 'राव'मध्ये आदराचा अंश शोधूनही सापडत नसे.) ते नेहमी पांढरा शर्ट घालत. ही साधी राहणी असावी अशी माझी समजूत होती. पण एकदा मी लाल टी-शर्ट घालून गेलो, तर मला त्यांनी जिन्यातच थांबवलं. "तुमचा शर्ट माझ्या भिंतीवर पडतोय," ते म्हणाले. मला वाटलं म्हातारपण. मग त्यांनी मला भिंतीजवळ उभं केलं आणि चुन्यावर आलेली गुलाबी झाक दाखवली. ती खरोखरच होती. त्या दिवसाचा धडा मी त्यांचाच एक पांढरा शर्ट घालून केला. तो मला पोटावर बसत नव्हता, आणि तेही त्यांनी सगळ्यांना रचनेचं उदाहरण म्हणून दाखवलं.

जगातल्या कुठल्याही गोष्टीची मांडणी सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलबी ते सहज बोटाने उजव्या कोपऱ्यात सरकवत, "आता बघा" म्हणत, आणि शेजारी बिचारा जिलबी खायची की बघायची या विचारात पडे. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत, मग पाणी घेत. एकदा आम्ही एका ओळखीच्यांकडे समाचाराला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांचा फोटो हार घालून ठेवला होता, घरची माणसं रडत होती. काका फोटोकडे एकटक बघत राहिले. त्यांना भरून आलं असावं म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साडूराव, ह्यांच्या डोक्यातून नारळाचं झाड उगवलंय." मी बघितलं. उगवलं होतं. गेलेले गृहस्थ कुठल्याशा बीचवर उभे होते आणि मागचं झाड बरोबर टाळूतून वर निघालं होतं. तिथून पुढे समाचार कसा संपवला ते माझं मला माहीत. रुमाल तोंडावर धरून मी इतका हललो की घरची माणसं माझंच सांत्वन करू लागली. घरी आल्यावर मी गेल्या कित्येक वर्षांतले आमचे फोटो काढून बघितले. कमाटीबागेत बायकोच्या डोक्यातून दिव्याचा खांब, महाबळेश्वरला माझ्या कानातून फलक, मुलीच्या वाढदिवसाला सासूबाईंच्या अंबाड्यावर पंखा. आमचं घराणंच्या घराणं डोक्यातून काहीतरी उगवत जगलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

पहिले काही रविवार त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका आणा, तिच्यात मधोमध चौकोन कापा आणि त्यातून बघत हिंडा, हा पहिला धडा. मी भाचीच्या लग्नाची पत्रिका कापली. एका डोळ्यापुढे ती धरून, दुसरा मिटून, मी सूरसागराच्या कडेने चालत होतो, तर ऑफिसातले जुने साहेब समोरून आले. माझी पत्रिका, मिटलेला डोळा, पुढे धरलेला हात, हे सगळं त्यांनी नीट बघितलं आणि अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "ऑपरेशन कधी झालं?" मी खरं सांगायला गेलो, पण लग्नपत्रिकेतून तळं बघण्याची कारणं रस्त्यावर उभ्याउभ्या पटवता येत नाहीत. शेवटी "मागच्या महिन्यात" म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा आमच्याकडे चौकशीचा फोन आला.

मग वाटीचा धडा आला. घरातली एक स्टीलची वाटी घ्यायची आणि तिचे फोटो काढत राहायचं. सुचायचं बंद झालं की धडा सुरू होतो, असं काका म्हणायचे. मला पहिल्या दहा मिनिटांतच सुचायचं बंद झालं. मी वाटी टेबलावर ठेवली, उलटी ठेवली, आडवी ठेवली. खिडकीत ठेवली तर खारीने पाडली. तुळशीजवळ ठेवली तर बायकोने त्यात पाणी घातलं. शेवटी मी फ्रीजवर चढवलेल्या वाटीसमोर स्टुलावर उभा असताना बायको आमटीचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "मॉडेलचं काम झालं असेल तर वाढायला घेऊ का?" रविवारी मी सगळ्या वाट्या काकांपुढे ठेवल्या. त्यांनी एकेक पाहिली. "तुमच्याकडे वाटी आहे," ते म्हणाले. "मान्य."

त्यांच्या परीक्षेचे दर्जे तीनच. बहुतेक सगळ्या चित्रांना 'पुरावा'. म्हणजे वस्तू तिथे होती, एवढंच सिद्ध झालं. त्याहून बरं असेल तर 'जवळजवळ'. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे नुसतं 'फोटो'. "हा फोटो," एवढंच म्हणत, बोट टेकवत आणि पुढे जात. वर्गात दाताच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना 'जवळजवळ' दोनतीनदा मिळालं होतं. पादरा गावाहून बसने येणारी हेतल नावाची मुलगी मोबाइलवरच काढायची. तिने उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांचं एक चित्र आणलं, तेव्हा काकांनी बोट टेकवलं आणि "हा फोटो" म्हणाले. हेतल रडायला लागली. तिला बघून डॉक्टरीणबाईंचेही डोळे भरून आले. माझेही आले, पण कारण वेगळं होतं. मला स्वच्छ मत्सर वाटला. साठीच्या गृहस्थाने पंचविशीच्या मुलीचा मिरच्यांवरून मत्सर करावा हे शोभत नाही, पण वाटला. आयुष्यभर मी फायलींवर 'मंजूर' लिहीत आलो. मला कुणी मंजूर केलेलं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवून टाकलं की ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा, माझ्या चित्रावर बोट टेकवून, तो शब्द ऐकायचाच.

ठरवणं सोपं होतं. माझ्या आड येत होता मध्य. मला समोर काहीही दिसलं की ते मी मधोमध ठेवतो. हात आपोआप तिकडे जातो. काका म्हणत, "मध्य हा देवाचा. देव्हाऱ्यात मधोमध ठेवा, बाकी सगळ्यांना बाजूला बसवा." माणूस काढायचा तर तो ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा मोकळी सोडायची, हा त्यांचा दुसरा कायदा. "त्याची नजर भिंतीवर आपटली तर त्याला लागतं, साडूराव. बघणाऱ्याला बघायला जागा द्या." मला हे समजायचं, पटायचं, आणि घरी येऊन मी परत मधोमध काढायचो. एकदाच माझ्या चित्राची त्यांनी रचनेबद्दल स्तुती केली. ते संपूर्ण काळं आलं होतं, कारण मी लेन्सवरचं झाकण काढायला विसरलो होतो. "प्रगती आहे," ते म्हणाले. "मध्ये काहीच ठेवलं नाहीत."

रंगांचे धडे सुरू झाले आणि पोळातल्या लोकांनाही आमचा ताप होऊ लागला. एका आठवड्याला एकच रंग. तोच शोधायचा, तोच काढायचा, आणि रविवारी येताना गुरुदक्षिणा म्हणून त्याच रंगाचा खाऊ आणायचा. पिवळ्या आठवड्यात खमण इतकं जमलं की हसमुखभाईंच्या गिऱ्हाइकांनाही वाटलं. हिरव्यात पातरा, म्हणजे अळूवडी, आला. निळ्यात मात्र सगळ्यांना उपास घडला. पिवळ्याच आठवड्यात मी मांडवीपाशी एका पिवळ्या शर्टवाल्या माणसाच्या मागे लागलो. मागे जुनी जांभळट भिंत आली की टिपायचं, असा माझा बेत. तो थांबला की मी थांबे, तो वळला की मी वळे. भिंत येईना. शेवटी तो गर्रकन फिरला आणि म्हणाला, "शुं काम छे, काका? क्यारनां पाछळ पाछळ फरो छो!" मी म्हटलं, "भाई, तमारुं शर्ट बहु सरस छे." त्याने माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे आणि शर्टाकडे पाहिलं आणि शेजारच्या पानवाल्याला हाक मारली. पुढचा आठवडाभर मी मांडवीच्या बाजूला गेलो नाही.

पण काकांचा खरा आवडता धडा खिडकीचा. त्यांच्या खिडकीतून समोरच्या घराची एक लाकडी खिडकी दिसायची, कुणी कधीकाळी हिरवी रंगवलेली. ती खिडकी नीट बघायची, खाली हसमुखभाईंच्या दुकानात जायचं आणि त्या हिरव्याला जुळणारं दोऱ्याचं रीळ वर आणायचं. एवढंच. मला वाटलं हे तरी जमेल. हसमुखभाईंकडे हिरव्याच्या रांगाच रांगा. मी पोपटी टाळला, शेवाळी टाळला, एक अगदी नेमका उचलला आणि धापा टाकत वर आलो, तर तोवर ऊन सरकलं होतं आणि समोरची खिडकी भलतीच झाली होती. परत खाली गेलो. परत वर आलो. परत वेगळी. काका खुर्चीत बसून हे चढणं-उतरणं मोठ्या समाधानाने बघत. "रंग खिडकीचा नसतो, उन्हाचा असतो," ते म्हणत. "खिडकी नुसती त्याला धरून बसते." तो हिरवा आमच्यापैकी कुणालाच जुळला नाही. खुद्द काकांनाही नाही, हे त्यांनीच एकदा सांगितलं. ते लग्न करून ह्या घरात आले तेव्हापासून रोज सकाळी तो जुळवून बघत होते. हसमुखभाई मात्र वैतागले. एकदा वर येऊन म्हणाले, "काका, तमे फोटो शीखवो छो के मारी दुकान वेरविखेर करावो छो? सगळे हिरवे खलास, पांढरं एक पण कोणी घेऊन नथी जातुं!" काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खमण दिलं आणि खिडकी दाखवली. पुढच्या रविवारी हसमुखभाई स्वतःच एक रीळ घेऊन खिडकीशी उभे होते. माझ्यापुरता ह्या धड्याचा फायदा एवढाच झाला की बायकोने ब्लाउजला मॅचिंग दोरा आणायला सांगितला तो मी लग्नानंतर प्रथमच बरोबर आणला. तिने तो दोनदा उन्हात नेऊन बघितला आणि मला ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावला.

काकांचा मुलगा, म्हणजे माझा साडू, मधल्या काळात नोकरीनिमित्त बिऱ्हाडासकट बंगळूरला गेला होता आणि काकांनी तिकडे यावं म्हणून मेहुणी मागे लागली होती. काका दर वेळी म्हणायचे, "येतो ने. आधी हा हिरवा तर जुळू दे." उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास ते त्या उभ्या जिन्यावरून घसरले. मनगटावर निभावलं. पण प्लास्टर घातलेल्या हाताने माणूस फार वाद घालू शकत नाही. मुलगा येऊन घराचं सगळं ठरवून गेला. आम्हाला काकांनी काहीच सांगितलं नाही. एका रविवारी धडा संपताना फक्त म्हणाले, "पुढच्या रविवारी शेवटचा धडा. विषय, ग्रुप फोटो. कॅमेरा साडूरावांचा, तो सगळ्यात जड आहे."

तो आठवडा मी घरात थांबलोच नाही. शहर सोडून चाललेला माणूस रुसलेल्या नातेवाइकांना भेटतो तसा मी बडोद्यातल्या एकेका जागेकडे जाऊन उभा राहिलो, आणि बडोदं सोडून मी चाललो नव्हतो. पहाटेचा सूरसागर काढला. मांडवीची कबुतरं काढली, पिवळ्या शर्टवाल्याची भीती बाळगून. बायको चहाचे कप गोळा करत म्हणाली, "अहो, ते नाही म्हणाले 'फोटो' तर काय बिघडणार आहे?" मी म्हटलं, "काही नाही." मग जरा वेळाने खरं ते सांगितलं, की मला फार वाईट वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्वतःहून उठवलं आणि ऊन चांगलं पडलंय म्हणून गच्चीवर पाठवलं.

शेवटच्या रविवारी खोली अर्धी रिकामी होती. चटई गुंडाळलेली, खोकी बांधलेली, खुर्ची तेवढी जागेवर. मी जाताच आठवडाभरातलं सगळ्यात आवडतं चित्र काढून त्यांच्यापुढे धरलं, मांडवीवरून उडालेली कबुतरं. काकांनी ते जवळ नेलं, लांब नेलं. "पुरावा," ते म्हणाले. "कबुतरं होती." मी "हो काका" म्हटलं आणि स्टँडवर कॅमेरा चढवायला लागलो, कारण मान खाली घालायला ते एक काम होतं.

ग्रुप फोटोची तऱ्हा अशी झाली की मी टायमर लावला, पळत जाऊन उभा राहिलो, दिवा लुकलुकला, कळ वाजली. बघतो तर आम्ही सगळे चित्राच्या दोन्ही कडांना चेंगरून उभे, आणि मध्ये भली मोठी रिकामी भिंत. इतका काळ 'मध्य देवाचा' ऐकून ऐकून कुणाचीही मध्ये उभं राहायची छाती झाली नव्हती. काका उजव्या कडेला अर्धे कापले गेले होते. हसमुखभाई निरोप द्यायला वर आले होते, ते पाहून म्हणाले, "आ ग्रुप फोटो छे के झघडो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आज तुम्ही मध्ये बसा." काका म्हणाले, "मी? मी काय देव्हाऱ्यातला आहे?" हेतल म्हणाली, "तर मग फोटोच नको." त्यावर एकच कल्ला झाला. खुर्ची कुठे, कोण कुणाच्या मागे, उंच कोण, कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यातून उगवतंय. जो तो दुसऱ्याची रचना सुधारू लागला. मी आपला लेन्सवरचं झाकण परत बसलंय की काय ते बघायला कॅमेऱ्यावर वाकलो, स्टँडला धक्का लागला, कॅमेरा भलतीकडे वळला आणि तो सावरताना माझं बोट कळीवर पडलं.

पुसून टाकायला म्हणून मी ते चित्र उघडलं. डाव्या कोपऱ्यात खुर्ची, तीत काका. आमच्या भांडणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ते खिडकीबाहेर, त्या समोरच्या हिरव्याकडे बघत होते. बाकी सगळी जागा मोकळी, खिडकीपर्यंत. खाली कुणाचं तरी धूसर कोपर घुसलं होतं.

"काय आलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. चुकून कळ दाबली गेली. पुसतो."

"दाखवा."

मी कॅमेरा दिला. त्यांनी तो जवळ नेला. लांब नेला. परत जवळ नेला. कल्ला हळूहळू थांबला.

"कोपर कुणाचं?"

"माझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खिडकी वाकडी आली."

"हो," मी म्हटलं.

"जागा सोडलीत."

"चुकून, काका."

ते बघत राहिले. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. बोट पडद्यापाशी गेलं, थांबलं.

"पुरावा आहे," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी कॅमेरा दिला नाही.

"पुसू नका," ते म्हणाले. "मला पण पाठवा. बंगळूरला कुणी विचारलं तर दाखवायला लागेल ने. मी इथे राहत होतो याचा."

मग त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या टोकाने माझी लेन्स पुसली. ती मी पुसलेली नव्हतीच, हे त्यांनी जातानाही ऐकवलं. खाली रिक्षा आली. हसमुखभाईंनी हिरव्या रिळांचा एक अख्खा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "काका, त्यां मॅच करजो. आवजो." काकांनी डबा उघडून बघितला आणि रिक्षात बसल्या बसल्या रिळं फिक्याकडून गडदाकडे लावायला घेतली. रिक्षा पोळाबाहेर वळली तेव्हा त्यांचं डोकं खाली होतं.

आता रविवारी मी उशिरा उठतो, छापं चाळतो. त्यांचा मधूनमधून बंगळूरहून फोन येतो. तिथे झाडं फार आहेत पण खिडकी जुळत नाही, असं म्हणतात. मी वाटीचे फोटो पाठवतो. अजून 'जवळजवळ'सुद्धा मिळालेलं नाही. ते खुर्चीतलं चित्र मी मोठं करून आणलं आणि हॉलच्या भिंतीवर अगदी डाव्या कडेला लावलं. उजवीकडे भिंत बरीच रिकामी राहते. आलेला प्रत्येक माणूस विचारतो, हे असं बाजूला का लावलंय. परवा बायको तिथीचं कॅलेंडर घेऊन आली आणि म्हणाली, "एवढी जागा फुकट जातेय, इथे हे अडकवू या."

मी म्हटलं, "तिथे नको गं. ते तिकडे बघतायत."

तिने जरा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात नेऊन लावलं.